रूढी, लोकलाज आणि कलापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत जिना चढून वरच्या खोलीत माझं डिझाइनचं काम चालतं. लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, चटणी-मसाल्याची पाकिटं, तालमींचे फ्लेक्स. शनिवार-रविवारी तिथंच सतरंजी अंथरून चित्रकलेचा वर्ग. पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेले आणि पोरांना सोडायला आलेले, दोघंही बसल्याबसल्या तेच ते प्रश्न विचारतात. दरवेळी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून ठेवलं.

रूढीचं दडपण म्हणजे नेमकं काय? बंदी, मोर्चा, तोडफोड हेच ना?

ते पेपरात येतं म्हणून डोळ्यांत भरतं. मोर्चा वर्षातून एखादा निघतो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस काम करतो तो एक साधा शब्दप्रयोग: "कशाला उगाच?"

माझ्या खोलीत हा रोज ऐकू येतो. "डिझाइन झकास झालंय हो, पण कशाला उगाच?" यात धमकी नसते, राग नसतो. म्हणणाऱ्याला स्वतःला ते चित्र आवडलेलंही असतं. त्याला भीती असते ती त्याच्या चुलत्याची, चुलत्याला गल्लीची आणि गल्लीला आणखी कुणाची तरी. शेवटी ज्याला खरंच राग येईल असा माणूस शोधायला गेलात तर सापडत नाही. तरी चित्र मात्र बदललेलं असतं.

धर्म हा यातला एकच धागा. जात आहे, घरंदाजपणा आहे, बायकांनी कसं दिसावं याचे हिशेब आहेत, मोठ्यांपुढं बोलायचं नाही ही सवय आहे. आणि "आपल्याकडं असंच असतं" हा आळसही आहे, ज्याला आपण कौतुकाने परंपरा म्हणतो.

पण कोल्हापूर तर शाहू महाराजांचं गाव. इथं कुठला आलाय सनातनीपणा?

हा प्रश्न बहुतेक करून छाती पुढं काढून विचारला जातो. गाव शाहू महाराजांचं आहेच, पण ते वेदोक्त प्रकरणाचंही आहे. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर खुद्द छत्रपतींसाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले नव्हे, तर शूद्रांसाठीचे मानले जाणारे पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे उघड झालं, आणि वाद पेटला तो याच गावात. पुढं १९०२ मध्ये महाराजांनी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात ते स्वतः चहा घ्यायला थांबत. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पण तिचा दुसरा अर्थही आहे: महाराज गेल्याशिवाय बाकीचे तिथं जात नव्हते.

कलेचंही तसंच. अल्लादिया खाँ दरबारी गवई, आबालाल रहिमान दरबारी चित्रकार. १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. (ती रात्र आठवली की अजून पोटात कालवतं.) महाराजांनी कलावंतांच्या डोक्यावर छत्री धरली, बाहेर पाऊस चालूच होता. १९२२ साली महाराज गेले आणि आबालाल यांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं इथले जुने लोक सांगत आलेत. गोष्ट खरी किती, वाढवलेली किती, त्यात मी शिरत नाही. गावाला ती अजून सांगावीशी वाटते, एवढं मला पुरेसं आहे.

बंधनांनी कला मरते की उलट फुलते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. म्हणून थोडं सविस्तर.

आपल्या रंगभूमीवर बाईने उभं राहायचं नाही, ही शुद्ध रूढी. त्या रूढीतून काय निघालं? पुरुषांनी बायकांची कामं करण्याची एक आख्खी कला. केशवराव भोसल्यांनीही पोरवयात 'शारदा' नाटकात शारदेचं काम करूनच नाव काढलं. बालगंधर्व नऊवारी कशी चापून नेसतात, अंबाड्यात फूल कुठं खोवतात, पदर कसा घेतात, हे बघून घरंदाज बायका तशा नटू लागल्या. म्हणजे बाईने कसं दिसावं याची फॅशन एका पुरुषाने ठरवली, कारण बाईला तिथं येऊ दिलं नव्हतं! आजच्या भाषेत बालगंधर्व हे त्या काळातले सगळ्यात मोठे स्टायलिस्ट. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांच्या नाटक कंपन्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या प्रयोगाच्या आठवणी लोक अजून काढतात.

इथपर्यंत ऐकून काही जण खूश होतात. बघा, बंधन होतं म्हणूनच कला घडली. थांबा. त्याच काळात ज्या बायकांना गळा होता, नजर होती, अभिनय होता, त्यांनी काय केलं असतं याचा हिशेब कुणी मांडायचा? जे घडलं ते दिसतं आणि त्याचं कौतुक होतं. जे घडूच दिलं नाही त्याला ना फोटो, ना जयंती.

बाबूराव पेंटरांकडे या. सुताराच्या घरातला माणूस. पडदे रंगवले, स्वतः कॅमेरा तयार केला आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० च्या 'सैरंध्री'त त्यांनी बायकांच्या भूमिका बायकांनाच दिल्या: गुलाबबाई आणि अनसूयाबाई. त्या दोघींना त्यांच्याच समाजाने वाळीत टाकलं, आणि कंपनीच्या आवारातच राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, ते आपल्याला पाठ आहे. कंपनीच्या आवारात राहिलेल्या त्या दोघींची नावं माझ्या वर्गातल्या एकाही पोराला माहीत नव्हती.

आता दुर्गा खोटे. चांगल्या घरातली, कॉलेजात शिकलेली बाई. १९३१ मध्ये एका सिनेमात छोटं काम केलं आणि गहजब झाला, घराण्याचं नाव बुडालं म्हणून. लगेच पुढच्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या. तो सिनेमा इथलाच, कोल्हापुरातला. त्याच समाजाने त्यांना डोक्यावर घेतलं. बाई तीच, पडदाही तोच. फरक एवढाच की आता ती पतिव्रता होती. रूढी अशी चालते. तिला बाई पडद्यावर आल्याचं तितकं वावडं नसतं, तिला कारण लागतं. हे कारण पुरवण्यात आपले कलावंत पटाईत झाले. पुराणातली कथा घ्या आणि तिच्या आडून आजचं बोला. सर्जनशीलता यात आहेच, पण त्यातली निम्मी ताकद आडोसा शोधण्यात जाते, हेही खरं.

कोल्हापुरात निसर्गचित्रंच एवढी का?

कारण रंकाळा कुणाच्या भावना दुखावत नाही.

हे मी चेष्टेत म्हणतो, पण पूर्ण चेष्टेत नाही. इथला निसर्ग देखणा आहे, आबालाल यांनी घालून दिलेली वाट आहे, जलरंगाचा हात इथल्या मातीत आहे. संध्यामठ, पंचगंगेचा घाट, पन्हाळ्यावरचं धुकं. ही परंपरा अस्सल आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण माझा एक विद्यार्थी तालमीतल्या लाल मातीत लोळणारी उघडी अंगं काढायचा. काय जोर होता त्या रेषेत! प्रदर्शनाला त्याने दिला मात्र घाटच. का रे, म्हटल्यावर म्हणाला, "घाट विकला जातोय सर, आणि घरात लावायला कोण नाही म्हणत नाही."

मुलीच्या वहीत उघड्या अंगाचं चित्र सापडलं. आता काय करायचं?

घाबरायचं काही नाही. मानवी शरीराचा अभ्यास हा चित्रकलेचा पाया आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी शंभर वर्षांपूर्वीच नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला होता. लहान गावांत मुलं पुतळ्यांवरून, पुस्तकांवरून आणि हल्ली मोबाइलवरून शिकतात. त्यामुळे त्यांच्या चित्रातलं शरीर प्लॅस्टरचं दिसतं. श्वास घेत नाही.

एक प्रसंग सांगतो. एक आई वही घेऊन आल्या. मधली दोन पानं स्टेपलरच्या पाच-सहा पिना मारून बंद केलेली. "बघा तुमच्याकडं येऊन काय शिकली," म्हणाल्या. मी नखाने एकेक पिन काढली. आत पेन्सिलीने काढलेली म्हातारी होती. पाटावर बसलेली, पाठ आपल्याकडं, चोळी काढून बाजूला ठेवलेली, शेजारी तेलाची वाटी. मणक्याची ओळ स्पष्ट दिसत होती आणि दोन्ही बाजूंना कातडीच्या घड्या, धुतलेल्या लुगड्यासारख्या. पोरीने आजीला तेल लावताना बघितलं होतं आणि रात्री आठवून काढलं होतं. तिच्या सगळ्या वहीत तेवढं एकच चित्र तिचं स्वतःचं होतं, बाकी सगळे पक्षी आणि झोपड्या.

मी आईंना विचारलं, "कोण आहे ओळखलंत का?" त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सासूबाई. हा तीळ आहे त्यांना." वही पिशवीत घातली. पिना परत मारल्या नाहीत, पण चित्र भिंतीवरही लागलं नाही. मला वाटतं त्या दिवशी तेवढं पुष्कळ झालं.

हे सगळं चित्रकारांचं झालं. डिझाइनच्या धंद्यात रूढी कुठं आडवी येते?

लग्नपत्रिका बघा. दरबारी फर्मानसुद्धा इतक्या नियमांत बांधलेलं नसेल. वर गणपती, त्याखाली कुलदैवतं. कुलदैवतांच्या क्रमावरून व्याह्या-व्याह्यांत रुसवे झालेले मी बघितलेत. मग "आमचे येथे श्रीकृपेकरून". वराला "चि.", वधूला "चि. सौ. कां." खाली निमंत्रकांची नावं, ती वयाच्या उतरंडीने. एखाद्या काकाचं नाव दुसऱ्या ओळीत गेलं तर लग्नात जेवणाच्या पंगतीत हिशेब चुकता होतो. आणि तळाला नातवंडांचं "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" हे वाक्य पहिल्यांदा ज्याला सुचलं तो खरा कॉपीरायटर. आता ते इतकं रूढ झालंय की गाळलं तर विचारतात, "घरात लहान पोर नाही का?"

रंग लाल, पिवळा, केशरी, फार तर मोरपंखी. काळा नाही म्हणजे नाही. चार कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं.

एकदा एक नवरी मुलगी काळी पत्रिका हवी म्हणून आली. तिचं आणि मुलाचं जमलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, त्याच्या आईच्या घरी, आणि तिच्या अंगावर चंद्रकळा, म्हणजे काळी साडी होती. म्हणून पत्रिका चंद्रकळेसारखी: काळ्यावर बारीक चांदण्यांचे ठिपके. कल्पना इतकी सुरेख की मी रात्री जागून डिझाइन केलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आणि थोरले चुलते आले. चुलत्यांनी स्क्रीनकडं बघून फक्त चष्मा काढला आणि पुसला. वडील म्हणाले, "पोरगी म्हणते ते छानच आहे. पण कशाला उगाच?"

संक्रांतीला काळं चालतं, लग्नाला का नाही, हा वाद घालून पत्रिका छापून होत नाही. आम्ही पत्रिका कुंकवाच्या रंगाची केली आणि पाकिटाला आतून अस्तर लावलं काळ्या कागदाचं, चांदीच्या ठिपक्यांचं. पाकीट उघडलं की क्षणभर चंद्रकळा दिसायची, पत्रिका बाहेर काढली की सगळं शास्त्राला धरून. चुलत्यांना ते अस्तर दिसलं की नाही कोण जाणे. दिसलं असेल तर बोलले नाहीत. माझ्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं काम ते, आणि ते सरळ काळी पत्रिका छापली असती तर झालंच नसतं, हे मला कबूल करायला लागतं. दरवेळी असं अस्तर सुचत नाही. दहातल्या नऊ वेळा नुसता गणपती मोठा होतो.

कोल्हापुरी चप्पल, साज या गोष्टी तर परंपरेमुळंच टिकल्या. मग परंपरा वाईट कशी?

वाईट कोण म्हणतंय! पण परंपरा नेमकी कुणाची आणि मान कुणाचा, हे वेगवेगळं बघा.

चपलेचं डिझाइन कुणी केलं? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमवणाऱ्या, ते हाताने शिवणाऱ्या घरांनी. वेणी आणि गोंडे बहुतेक करून घरातल्या बायका करतात. कापशी, पुकरी, बक्कलनाळी, एकेक नाव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घासून नेमकी केलेली रचना. पायात घातली की करकर वाजते, आणि त्या करकरीसाठी लोक जादा पैसे मोजतात. पण या माणसांना आपण कारागीर म्हणतो. डिझायनर तो, जो एसीत बसून त्याचं चित्र काढतो. रूढी नुसती काय काढायचं हे ठरवत नाही, कुणाच्या हाताच्या कामाला कला म्हणायचं हेही तीच ठरवते.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. आपलं रक्त उसळलं, ते बरोबरच होतं. २०१९ पासून या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पुढं प्राडाने मूळ मान्य केलं आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचं ठरलं. किंमत साधारण ८०० युरो. तेव्हा फेसबुकवर "आमची अस्मिता" लिहिणाऱ्या किती जणांच्या घरी ती चप्पल शिवणारा माणूस जेवायला बसलेला आहे, हा प्रश्न मी एका लग्नात विचारला होता. पुढची पंगत लवकर बसली.

आणखी एक, सहसा न बोललं जाणारं. २०१५ मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. कायदा योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. पण बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं आणि चपलेच्या धंद्याला ते जाणवलं. कागदावर कुणीही चपलेच्या डिझाइनला हात लावला नव्हता. हात लागला तो कच्च्या मालाला, आणि माल बदलला की डिझाइन आपोआप बदलतं.

साजाचं थोडक्यात सांगतो. पारंपरिक साजात २१ पानं धरतात: दशावतार, अष्टमंगल, माणिक-पाचूची दोन आणि मधला ताईत. ही चौकट इतकी पक्की की गुजरीतले सोनार सगळी कल्पकता पानांच्या आतल्या नक्षीत ओततात. सोनं महागलं तसा साज एक ग्रॅमचा झाला, पोकळ झाला, पण पानांचा क्रम कुणी मोडला नाही.

देवादिकांच्या आणि शिवाजी महाराजांच्या चित्रांत किती मोकळीक घ्यावी?

या प्रश्नाला लोक एकच नियम मागतात. तसा नियम नाही. गणपतीचंच बघा. त्याला आपण सिनेमातल्या हिरोसारखा बसवतो, क्रिकेट खेळायला लावतो, चार वळणांच्या रेषेत बसवून हॉटेलचा लोगो करतो. कुंभार गल्लीत ऑगस्टमध्ये चक्कर मारा, थक्क व्हाल. गणपती घरातला पोर आहे, त्याचे लाड चालतात.

अंबाबाई आई आहे, तिथं वेगळं. नवरात्रात रोज नवी अलंकार पूजा बांधतात, पंचमीला वेगळं रूप, अष्टमीला महिषासुरमर्दिनी. नऊ दिवस नवं रूप आणि एकाचीही हरकत नाही, उलट बघायला रांग. आणि जून २०१७ मध्ये तीच देवी घागरा-चोळीत दिसली तर शहर पेटलं. म्हणजे राग नावीन्याचा नव्हता. आमची देवी, तिची साडी, आणि कुणाला न विचारता हे ठरवणारे तुम्ही पुजारी कोण, असा तो सवाल होता. तो विचारणारे सगळे सनातनी होते असंही नाही, त्यांत बहुजन चळवळीतले पुरोगामी पुढं होते. त्यातून मागणी गेली वंशपरंपरेच्या पुजाऱ्यांऐवजी पगारी पुजारी नेमण्यापर्यंत, आणि २०१८ मध्ये विधिमंडळात तसा कायदाही मंजूर झाला. एका पोशाखातून कायदा निघाला. वेशभूषेला हलकं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शिवाजी महाराजांचं सगळ्यात नाजूक. आज शासनमान्य असलेलं महाराजांचं चित्र आपल्या कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी रंगवलेलं. सिनेमाची पोस्टरं रंगवणारा हा माणूस, हातात विलक्षण ताकद. गंमत अशी की १९३० च्या दशकात इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं अस्सल जुनं चित्र उजेडात आणेपर्यंत लोक भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून भिंतीवर लावत होते. म्हणजे जी छबी आज आपल्याला चिरंतन वाटते ती शंभर वर्षांचीही नाही. पण एकदा छबी ठरली की ती थिजते. मग नाक तेच, नजर तीच, बाजू तीच. फ्लेक्सवाला ती नुसती उचलून चिकटवतो, आणि तरुण चित्रकार महाराजांचं चित्र काढायचंच सोडतो.

आणि भीती नुसती मनातली असते असं नाही. मार्च २०१७ मध्ये पन्हाळ्याजवळ मसाई पठारावर 'पद्मावती'चा सेट जमावाने रात्रीत जाळला, कपडेपट जळाला. सिनेमा तेव्हा कुणी पाहिलेला नव्हता. डाव्या चळवळीतले विचारवंत गोविंद पानसऱ्यांवर याच शहरात २०१५ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यांचं सगळ्यात वाचलं गेलेलं पुस्तक शिवाजी महाराजांवरचंच. "कशाला उगाच" म्हणणाऱ्या बापाला मी हसत नाही, ते म्हणूनच.

कायदा कलावंताच्या बाजूने आहे का?

कागदावर बऱ्यापैकी. अश्लीलतेचं कलम (पूर्वीचं २९२, आता भारतीय न्याय संहितेत २९४) कलेला, साहित्याला आणि प्राचीन मंदिरांतल्या शिल्पांना अपवाद ठेवतं. समकालीन समाजाची दृष्टी लावून पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेन यांच्यावरचे खटले दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये रद्द केले, पण तोवर म्हातारा देश सोडून गेला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सूझा आणि पदमसी या चित्रकारांच्या कस्टमने अडवलेल्या सात कलाकृती सोडवल्या. प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं, हे तिथंही सांगावं लागलं. धार्मिक भावनांचं कलम मात्र (पूर्वीचं २९५अ, आता २९९) टांगती तलवार आहे. खटला शेवटी जिंकाल, पण तारखांना जाण्याचा खर्च कोण देणार?

सहिष्णू शहरांत सर्जनशील लोक गोळा होतात, असं म्हणतात. कोल्हापूर त्यामुळं मागं पडलं का?

रिचर्ड फ्लोरिडा या अमेरिकी अभ्यासकाने २००२ मध्ये हा सिद्धांत गाजवला: तंत्रज्ञान, प्रतिभा आणि सहिष्णुता. त्यावर टीकाही भरपूर झाली, कारण श्रीमंत शहरं सहिष्णू दिसतात की सहिष्णू शहरं श्रीमंत होतात, याचा पत्ता लागत नाही.

आपल्याकडचं बघा. प्रभात १९२९ मध्ये इथं निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्याचं खापर लोकलाजेवर फोडणं सोपं आहे, पण धंद्याचं गणित असतं, भांडवल असतं, बाजारपेठ असते. माझी पोरं पुण्या-मुंबईला जातात ती पगारासाठी. एवढंच म्हणेन की गेलेली परत येताना आपली चित्रं तिकडंच ठेवून येतात. दिवाळीला आलेल्या मुलीच्या इन्स्टावरचं काम आणि तिने आईला दाखवलेलं काम, यात दोन माणसं दिसतात.

पुरोगामी मंडळींची काही रूढी नसते का?

असते की! त्यांच्या कार्यक्रमाचं पोस्टर करा: उगवता सूर्य, वळलेली मूठ, मशाल, तीन महापुरुषांचे चेहरे ठरलेल्या क्रमाने. मी एकदा मूठ काढून तिथं चहाचा कप ठेवला, गंगाराम कांबळ्यांची आठवण म्हणून. उत्तर तेच आलं. फक्त "कशाला उगाच"च्या जागी "चळवळीत चुकीचा संदेश जाईल" असं होतं.

मुलीला आर्टला घालू का?

घाला. मुलगा असता तर हा प्रश्न पोट भरेल का असा असता, मुलगी आहे म्हणून तो तिकडं वातावरण कसं असतं असा येतो. वातावरण बरं असतं. रंगांचे डाग निघत नाहीत, एवढी एकच तक्रार येईल. एकच करा: तिची वही तिने दाखवल्याशिवाय उघडू नका.

क्लायंट घाबरला तर तुम्ही काय करता?

तीन प्रूफं देतो. एक त्याला हवं ते, एक मला हवं ते, आणि एक मधलं. तो मधलं घेतो. म्हणून हल्ली मला जे हवंय तेच मी मधलं म्हणून ठेवतो आणि तिसरं मुद्दाम भलतंच भडक करतो. विद्यार्थ्यांनो, ही युक्ती फुकट दिली.

तुम्ही स्वतः कधी माघार घेतली का?

घेतली. एका तरुण मंडळाने शिवजयंतीला फ्लेक्स सांगितला. मी महाराज काढले ते पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाच्या वाटेवरचे. रात्र, पाऊस, जिरेटोप नाही, केस कपाळाला चिकटलेले, नजर मागं वळलेली, जिकडं बाजीप्रभू थांबले तिकडं. मंडळाची पोरं स्क्रीनसमोर गप्प उभी राहिली. त्यातला एक जण डोळे पुसत होता, हे मी पाहिलं. रात्री अकराला अध्यक्षाचा फोन आला. "भावा, चित्र नाद खुळा आहे. पण महाराज दमलेले दाखवले असं कोण म्हणालं तर?" मी नेहमीची छबी लावून दिली, खाली एकोणीस कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो, हुद्द्याप्रमाणे.

ते चित्र अजून कॉम्प्युटरवर आहे, 'लाईटबिल २०२१' नावाच्या फोल्डरमध्ये.